पहिली ठासणीची रायफल आणि तिच्यावरचा स्कोप: अमेरिकेत हरणाच्या शिकारीला निघालेल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी मंडळींकडून दर उन्हाळ्यात तेच प्रश्न येतात. बहुतेकांनी हंटर एज्युकेशनचा कोर्स नुकताच केलेला असतो, हंगाम दोन-तीन महिन्यांवर आलेला असतो आणि दुकानातल्या भिंतीवर टांगलेल्या पंचवीस बंदुकांपैकी कुठली घ्यावी हे कळत नसतं. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. एक उत्तर दुसऱ्याला लागून असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मझललोडर म्हणजे आपल्याकडची ठासणीची बंदूकच ना?

तीच. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालायची, गजाने ठासायची आणि मागून ठिणगी द्यायची. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अनेक घरांत असते ती बंदूक आतून गुळगुळीत असते आणि तिच्यात बहुधा छर्रे भरतात. अमेरिकेत हरणासाठी वापरतात त्या रायफलीच्या नळीत पिळाचे आटे असतात आणि गोळी एकच असते. आट्यांमुळे गोळी फिरत जाते, म्हणून शंभर यार्डांवर ती बशीएवढ्या जागेत बसू शकते. भरायची रीत मात्र जुनीच आहे, आणि एका वेळी एकच बार.

2. साधी काडतुसाची रायफल असताना ही कशाला घ्यायची?

पहिलं कारण, हंगाम वाढतो. बहुतेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळे दिवस राखलेले असतात आणि तेव्हा जंगलात गर्दी कमी असते. दुसरं कारण न्यू जर्सीवाल्यांसाठी: तिथे हरणासाठी काडतुसाची नेहमीची हाय-पॉवर रायफल चालतच नाही. धनुष्य, शॉटगन किंवा ठासणीची बंदूक, एवढेच पर्याय. त्यामुळे रायफलसारखा नेम हवा असेल तर ही सगळ्यात सोपी वाट.

तिसरं कारण माझं स्वतःचं. हातात एकच बार आहे हे माहीत असलं की माणूस नीट थांबतो आणि नीट बघतो.

3. मी एच-1बी वर आहे. मला घेता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यात चूक झाली तर बंदुकीपेक्षा मोठं काही गमवावं लागेल. संघीय कायद्यानुसार एच-1बी, एफ-1 अशा बिगर-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

दुसरी गोष्ट, 1968 च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये काळ्या दारूवर चालणारी आणि काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक ‘अँटिक’ गटात मोडते, म्हणजे त्या कायद्यापुरती ‘बंदूक’ धरली जात नाही, नव्या कारखान्यातून कालच आलेली असली तरी. म्हणून अनेक राज्यांत ती थेट घरपोच मागवता येते. पण राज्याचा कायदा निराळा असू शकतो. न्यू जर्सीत ठासणीची रायफल घ्यायलाही फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं. शिवाय ज्या बंदुकीला काडतुसाची नळी बसवता येते, उदाहरणार्थ थॉम्पसन सेंटरची एन्कोर, ती ‘अँटिक’ धरली जात नाही.

माझा सल्ला: आधी कोर्स, मग शिकारीचा परवाना, मग इमिग्रेशन वकिलाला एक फोन आणि त्यानंतरच दुकान. हा क्रम उलटा करू नका.

4. दुकानात जाण्याआधी काय ठरवायचं?

कुठल्या राज्यात आणि कुठल्या हंगामात जाणार, ते. बंदूक त्यानंतर निवडायची. इथे लोक पैसे वाया घालवतात म्हणून दोन उदाहरणं सविस्तर देतो.

पेनसिल्व्हेनियात दोन वेगळे हंगाम आहेत. ऑक्टोबरमध्ये आठवडाभर शिंगं नसलेल्या हरणांसाठी ठासणीचा हंगाम असतो. त्यात आधुनिक इनलाइन (ठिणगी नळीच्या सरळ मागून देणारी, प्रश्न 5 पाहा) चालते, स्कोपही (नेमाची दुर्बीण) चालतो. नाताळानंतर येतो तो 1974 पासून चालत आलेला फ्लिंटलॉकचा हंगाम. त्यात गारगोटीने ठिणगी पडणारी जुन्या घडणीची बंदूकच लागते आणि स्कोप चालत नाही. ऑक्टोबरसाठी घेतलेली इनलाइन घेऊन तुम्ही जानेवारीत त्या हंगामात उतरलात तर तो गुन्हा आहे.

कोलोरॅडोत सप्टेंबरच्या ठासणी-हंगामात स्कोप नाही, प्लास्टिकच्या वाटीतली सॅबो गोळी नाही आणि दाबून केलेल्या दारूच्या वड्याही नाहीत. सुटी दारू आणि उघडी माशी (नळीवरची नेमाची खूण). तिथे जायचं असेल तर या पानावरचे स्कोपचे प्रश्न तुमच्यासाठी नाहीतच.

नियम दर वर्षी थोडे बदलतात. त्या वर्षीची राज्याची नियमपुस्तिका स्वतः वाचा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

5. फ्लिंटलॉक, केपची की इनलाइन? पहिली कुठली?

राज्याचा नियम आड येत नसेल तर इनलाइन. तिच्यात प्रायमर, म्हणजे ठोका बसला की ठिणगी देणारा छोटा तुकडा, नळीच्या बरोबर मागे, एका रेषेत बसतो, म्हणून ठिणगी सरळ दारूत जाते. 1985 मध्ये टोनी नाइट यांनी मिसुरीत एमके-85 ही रायफल बाजारात आणली आणि तिथून हा प्रकार घरोघरी पोचला. आजच्या बहुतेक इनलाइन शॉटगनचा 209 प्रायमर वापरतात. तो जोरदार पेटतो आणि ओलसर हवेतही सहसा दगा देत नाही.

केपच्या (ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीच्या) बंदुकीत ठोका देणारा घोडा बाजूला असतो आणि ठिणगीला वळण घेऊन आत जावं लागतं. ती देखणी असते, भरवशाचीही असते, पण काळजी जास्त मागते. फ्लिंटलॉकमध्ये रंजक, म्हणजे बाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू, आधी पेटते, मग कान्यातून (नळीच्या बाजूच्या छिद्रातून) जाळ आत जातो, आणि या दोहोंमध्ये एक क्षण जातो. त्या क्षणभर नेम हलू न देणं ही वेगळी विद्या आहे. मला स्वतःला फ्लिंटलॉक फार प्रिय आहे, पण पहिल्या हरणासाठी मी ती कोणाच्या हातात देणार नाही.

6. कॅलिबर आणि नळीचा पीळ किती असावा?

.50 कॅलिबर (नळीचा आतला व्यास, इंचात), दुसरा विचार नको. गोळ्या, सॅबो, सफाईचं सामान, सगळं याच मापात सहज मिळतं. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी दोन्हीकडे हरणासाठी किमान .44 लागते, तीही अट आपोआप पूर्ण होते.

पिळाकडे मात्र लक्ष द्या, कारण गोळीची निवड त्यावर ठरते. 1:28, म्हणजे 28 इंचांत एक पूर्ण फेरा, हा पीळ लांबट गोळ्यांना आणि सॅबोला मानवतो. 1:66 चा संथ पीळ कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी असतो. 1:48 हा दोन्हींमधला. गोळ्यांबद्दल प्रश्न 9 पाहा.

7. नेमकं मॉडेल सांगा ना. महागडी घेतली तर हरीण जास्त मिळेल का?

नाही. सीव्हीएची वुल्फ ही 300 डॉलरच्या आसपास मिळणारी साधी बंदूक: मधून मोडून उघडते, 24 इंची नळी, 1:28 पीळ आणि हाताने निघणारा ब्रीच प्लग (नळीचं मागचं बूच). शंभर यार्डांच्या आत हरणाला तिच्यात आणि तिच्या तिप्पट किमतीच्या बंदुकीत फरक कळत नाही. थोडे जास्त पैसे असतील तर त्याच कंपनीची ऑप्टिमा व्ही2 घ्या. तिची 26 इंची नळी आणि वजन यांमुळे धक्का थोडा सुसह्य होतो. ट्रॅडिशन्सची बकस्टॉकरही याच पंगतीतली.

जुनी घेत असाल तर दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. ब्रीच प्लग समोर उघडून दाखवायला सांगा. तो गंजून बसलेला असेल तर बंदूक परत ठेवा. मग नळीत मागून उजेड टाकून बघा आणि घट्ट बसणारी चिंधी गजाने पूर्ण फिरवा. ती कुठे अडखळली किंवा तांबडी होऊन आली तर आत गंज आहे. काळ्या दारूची नळी एका हंगामाच्या आळसातही खराब होते.

खांद्याला बंदूक लावून बघणं तर हवंच. दस्ता लांब वाटत असेल तर जाड जाकिटावर तो आणखी लांब वाटणार. लहान चणीच्या माणसासाठी आखूड दस्त्याचा प्रकार घ्या. घोडा मधोमध असलेली मोडून उघडणारी बंदूक डावखुऱ्यांनाही चालते. तिच्यावर स्कोप बसवल्यावर घोडा ओढायला अंगठ्याला जागा उरत नाही, म्हणून घोड्याला बाजूला जोडायचा छोटा खुंट लावून घ्या.

8. दारू कुठली आणि किती घालायची?

इनलाइनसाठी पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन किंवा ब्लॅकहॉर्न 209, यांपैकी एक. या काळ्या दारूच्या जागी वापरायच्या दारू आहेत. फ्लिंटलॉकसाठी मात्र अस्सल काळी दारूच हवी, कारण बाकीच्या गारगोटीच्या ठिणगीने नीट पेट घेत नाहीत.

पहिल्या वर्षी 50 ग्रेनच्या (ग्रेन हे दारू-गोळीचं बारीक माप) दोन वड्या सोप्या पडतात. मोजायला नको, थंडीने आखडलेल्या बोटांनीही पडतात. पायरोडेक्सच्या वडीला एका टोकाला काळ्या दारूचा थर असतो. ते टोक प्रायमरकडे. सुटी दारू वापरायला लागलात की 80 पासून सुरू करून पाच-पाच ग्रेन वाढवत जा आणि कागदावर गोळ्या कुठे सगळ्यात जवळ बसतात ते बघा. बहुतेक बंदुकांचं मन 80 ते 100 च्या दरम्यान रमतं. डब्यावर ‘मॅग्नम’ लिहिलेलं असतं म्हणून 150 ग्रेन घालणारे आहेत. त्यांच्या वाट्याला जास्त धक्का येतो आणि छोट्या नळीतून काही दारू न जळताच बाहेर पडते.

इथला ग्रेन मापट्याने, म्हणजे आकारमानाने मोजायचा, तराजूने नाही. ब्लॅकहॉर्न 209 चे मापट्यातले 100 ग्रेन तराजूवर साधारण 70 भरतात. कोणी तराजूवर 100 तोलून घातले तर ते फार जास्त झाले. ट्रिपल सेव्हन काळ्या दारूपेक्षा जोरकस आहे, म्हणून तेवढाच वेग हवा असेल तर ती सुमारे 15 टक्के कमी घालावी लागते. ब्लॅकहॉर्नला पूर्ण जोराचा 209 प्रायमर लागतो. ‘मझललोडरसाठी खास’ म्हणून विकले जाणारे सौम्य प्रायमर तिला पुरत नाहीत.

डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नका. आत एखादा निखारा शिल्लक असेल तर हातातला अख्खा डबा पेटेल. आधी मापट्यात, मग नळीत.

आणि काडतुसात भरायची धूरविरहित दारू? कधीही नाही, चिमूटभरही नाही. त्यासाठीच बनवलेल्या मोजक्या बंदुका सोडल्या तर बाकी सगळ्यांची नळी तिने फुटू शकते. बोटं आणि डोळे गेलेली माणसं या देशात आहेत. घरात दोन्ही प्रकारच्या दारू असतील तर त्या वेगळ्या कपाटांत ठेवा.

9. गोळी कुठली?

1:28 पिळाच्या .50 नळीसाठी 250 ग्रेनच्या आसपासची सॅबो गोळी. सॅबो म्हणजे प्लास्टिकची वाटी. तिच्यात .45 ची गोळी बसते, वाटी आटे धरते आणि बाहेर पडल्यावर गळून जाते. वाटी नको असेल किंवा राज्यात मना असेल तर पूर्ण मापाची शिशाची कोनिकल (लांबट, टोकदार गोळी) घ्या.

फ्लिंटलॉकमध्ये .490 इंचाची गोल गोळी तेल लावलेल्या कापडात गुंडाळून घालतात. ती हलकी असते आणि वेग लवकर गमावते. तिच्यासाठी 75 यार्ड पुष्कळ झाले.

दोन-तीन प्रकारच्या गोळ्यांची छोटी पाकिटं आणा. एकाच कारखान्याच्या दोन बंदुकांनाही वेगवेगळी गोळी आवडते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

10. स्कोप लागतोच का?

कायद्याने चालत असेल आणि वय चाळिशीपुढे असेल तर हो. माशी, खाच आणि हरीण अशा तीन अंतरांवर डोळा एकदम बसत नाही. तरुण डोळ्यांना पन्नास-साठ यार्डांपर्यंत उघडी माशी छान चालते. तरीही स्कोपचा खरा फायदा मोठं दिसणं हा नाही. पेनसिल्व्हेनियात सूर्योदयाआधी अर्धा तास आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास बार टाकता येतो, हरणंही तेव्हाच हलतात, आणि त्या करड्या उजेडात काळी माशी दिसेनाशी होते.

11. कुठला स्कोप घेऊ? 4-16 पट चांगला ना?

नको. 2-7 किंवा 3-9 पट, समोरची काच 32 ते 40 मिलिमीटर, बस. दाट झाडीत हरीण 30 यार्डांवर उभं राहिलं आणि स्कोप 9 पटीवर असला तर भिंगात नुसती तपकिरी केसांची भिंत दिसते. जंगलात चालताना स्कोप सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवायची सवय लावा.

यामागचं गणितही सोपं आहे. समोरच्या काचेचा आकडा भागिले पट, म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या खांबाची जाडी. 40 भागिले 9, सुमारे 4.4 मिलिमीटर. तोच स्कोप 5 पटीवर आणला की 8 मिलिमीटर. संधिप्रकाशात आपली बाहुली पाच ते सात मिलिमीटर उघडते, म्हणजे कमी पटीवर चित्र जास्त उजळ दिसतं. 50 मिलिमीटरची जाडजूड काच घेण्याआधी हे करून बघा.

पैसे वाचवायला नकोत ती जागा म्हणजे डोळ्यापासूनचं अंतर, ज्याला आय रिलीफ म्हणतात. ते किमान साडेतीन इंच हवं, चार असेल तर उत्तम. हलक्या बंदुकीत 100 ग्रेनचा धक्का जोरात मागे येतो आणि जवळ धरलेल्या स्कोपची कड भुवई फोडते. धक्का सोसायलाही स्कोप पक्का लागतो. बंदुकीबरोबर खोक्यात फुकट येणाऱ्या काही स्कोपांचा नेम थोड्याच बारांत सरकतो. व्होर्टेक्सचा क्रॉसफायर 2 किंवा ल्युपोल्डचा साधा 3-9 पहिल्या बंदुकीला पुरून उरतो आणि दोन्ही कंपन्या आयुष्यभराची हमी देतात. माउंट एकसंध पट्टीचा घ्या, स्क्रू टॉर्क रेंचने आवळा.

12. ‘मझललोडर स्कोप’ म्हणून वर्तुळं-रेघा असलेला मिळतो. तो घ्यावा का?

त्या खालच्या खुणा ठरावीक वेगाच्या, ठरावीक गोळीसाठी आखलेल्या असतात. तुमचा वेग वेगळा असला तर 200 यार्डांची खूण तुमच्या बंदुकीत 180 ची असेल. दुसरं, पट बदलता येणाऱ्या बहुतेक स्कोपांत त्या खुणा एका ठरावीक पटीवरच खऱ्या ठरतात, बहुधा सगळ्यात वरच्या. पहिल्या वर्षी साधी जाड-बारीक फुली पुरे. अंतराचा मुद्दा प्रश्न 14 मध्ये.

13. नेम कसा लावायचा? किती बार लागतात?

25 यार्डांपासून सुरू करा. थेट शंभरवर गेलात तर पहिली गोळी कागदावर न लागण्याची शक्यता मोठी, आणि चूक कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. पाव मिनिटाच्या (मिनिट हे कोनाचं माप, एका क्लिकला नेम पाव मिनिट सरकतो) स्कोपला 100 यार्डांवर एका इंचाला 4 क्लिक लागतात, 25 वर त्याच इंचाला 16. इथे पुष्कळजण फसतात. 25 वर बसली की 50, मग 100.

प्रत्येक बारानंतर एक ओली आणि एक कोरडी चिंधी नळीत फिरवा, तेही सारख्याच पद्धतीने. नाहीतर साठत गेलेल्या काजळीने पुढची गोळी घट्ट बसते आणि नेम भरकटतो. ट्रिपल सेव्हनमध्ये गोळीच्या जागी कडक कडं तयार होतं, तिथे तर हे हवंच.

शेवटी वेगळ्या दिवशी येऊन थंड, स्वच्छ नळीतून एकच बार टाका. हरणावर जाणार आहे तो हाच. तो जिथे बसतो तो तुमचा खरा नेम. सगळं मिळून वीस-पंचवीस बार धरा, आणि ते दोन-तीन दिवसांत विभागा; थकलेला खांदा चाप ओढताना दचकतो.

14. किती लांबून मारावं?

दुकानात 250 यार्ड ऐकू येईल. पहिल्या वर्षी मी 100 म्हणतो. सेकंदाला सुमारे 1,900 फूट वेगाची 250 ग्रेनची गोळी 100 ला लावली असेल तर 150 ला ती साधारण पाच इंच खाली जाते आणि 200 ला फुटापेक्षा जास्त. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा सुमारे आठ इंचांची. म्हणजे 150 वर नेम मधोमध धरूनही गोळी त्या जागेच्या कडेबाहेर जाऊ शकते.

माझ्या दुसऱ्या हंगामात मी साधारण 140 यार्डांवरच्या एका मादीवर बार टाकला. धुराच्या ढगातून काही दिसलं नाही. रक्ताचा माग मिळाला, मी संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं, ती सापडली नाही. तेव्हापासून कागदावर आधार न घेता, गुडघ्यावर बसून आठ इंचांच्या ताटलीत पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरावर बसतात, तेच माझं अंतर. तुमचं 60 निघालं तर 60.

बार टाकल्यावर हरीण पळालं तर अर्धा तास जागेवरून हलू नका, पण ते शेवटचं कुठल्या झाडापाशी दिसलं ते डोक्यात पक्कं करा. धुरामुळे हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

15. चाप ओढला आणि बार उडालाच नाही, तर?

नळी सुरक्षित दिशेलाच धरून पूर्ण एक मिनिट थांबा. दारू आत धुमसत असेल तर बार उशिरा उडतो. मग प्रायमर बदलून पुन्हा. तरीही नाहीच, तर दारू घालायची राहिली असेल किंवा ओलसर झाली असेल. इनलाइनमध्ये प्रायमर काढा, ब्रीच प्लग उघडा आणि दारू-गोळी ढकलून काढा.

दोनदा भरली जाऊ नये म्हणून गजावर दोन खुणा करा: एक रिकाम्या नळीची, एक नीट भरलेल्या नळीची. गज आत टाकला की बंदूक भरलेली आहे का, आणि गोळी दारूवर टेकली आहे का, हे लगेच कळतं. गोळी मध्येच अडकून दारूपासून अंतर राहिलं तर नळी फुटू शकते.

16. दिवस संपला, बार झाला नाही. भरलेली बंदूक गाडीत ठेवली तर चालेल?

पेनसिल्व्हेनियात प्रायमर किंवा केप काढली, फ्लिंटलॉकची रंजक झाडून टाकली, की कायद्याने ती रिकामी धरतात. सगळ्या राज्यांत तसं नाही. काही ठिकाणी दारूही काढावी लागते. मी स्वतः घराच्या दारापर्यंत भरलेली नळी आणत नाही. जंगलाच्या कडेला मातीच्या बांधावर बार उडवून टाकतो किंवा प्रश्न 15 प्रमाणे उपसतो.

उपसली नाहीत तर एक जपा: थंड बंदूक उबदार खोलीत नेली की आत दव धरतं आणि दारू ओलावते. थंड गॅरेजमध्ये कुलुपात ठेवा. पावसात किंवा बर्फात नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. बार निघताना पुढे दाबलेली हवाच ती उडवते, नेम बिघडत नाही.

17. साफसफाई त्याच दिवशी करायलाच हवी का?

हो, त्याच रात्री, जेवणाच्या आधी. काळ्या दारूची आणि पायरोडेक्सची राख हवेतलं पाणी ओढते आणि नळी खाते. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, मग कोरड्या चिंध्या, मग तेल. ब्रीच प्लगच्या आट्यांना अँटी-सीझचं (आटे अडकू न देणारं मलम) बोट फिरवा. ब्लॅकहॉर्न पाण्याने निघत नाही, तिला सॉल्व्हंट लागतो. पुढच्या वेळी भरण्याआधी तेल पुसून एक-दोन नुसते प्रायमर उडवा, म्हणजे वाट मोकळी होते.

18. आता फायरस्टिक नावाची दारूची कांडी मागून घालतात. ती सोपी नाही का?

सोपी आहे. ट्रॅडिशन्सच्या नायट्रोफायरमध्ये गोळी तोंडातून आणि दारूची बंद कांडी मागून जाते. पण ती घ्यायला परवानाधारक दुकानातून रीतसर नोंद करावी लागते, आणि सगळी राज्यं तिला ठासणीच्या हंगामात मान्यता देत नाहीत. प्रश्न 4 पुन्हा वाचा.

19. गावी आजोबांची ठासणीची बंदूक आहे. ती इथे आणून शिकार करता येईल? किंवा इथली तिकडे नेता येईल?

दोन्ही नको. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यामुळे भारताबाहेर नेता येत नाही, आणि तितकी जुनी नसली तरी परवान्याचं शस्त्र असं हलवता येत नाही. शिवाय तिची नळी कुठल्या लोखंडाची, किती झिजलेली, हे कोणी सांगू शकणार नाही. तिच्यात इथली ट्रिपल सेव्हन भरणं जिवावर बेतेल. इथली तिकडे नेऊन तर उपयोगच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांची शिकार बंद आहे, आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. आजोबांची बंदूक ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याकडेच राहू द्या. आजोबा हयात नसतील तर वारसाने ती आधी पोलीस ठाण्यात कळवून जमा करायची आणि मग परवान्याचा अर्ज करायचा.